दार उघडंच राहू द्या

“दार लोटू नका, राहू द्या तसंच.” सरांच्या घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागे. उन्हाळ्यात धाराशिवची धूळ थेट चहाच्या कपात यायची, वहिनी वैतागायच्या. सर म्हणायचे, “गल्लीत आपण एकटेच ख्रिश्चन. दार लावलं की लोकांना वाटतंय, आत काय चाललंय.”

कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवायचे. तुम्हीही असे मास्तर पाहिले असतील, निवृत्त झाले तरी त्यांचा वर्ग सुटत नाही. संध्याकाळी गल्लीतली पोरं त्यांच्या पुढच्या खोलीत फुकट शिकायची. समोरच्या अप्पांच्या दोन्ही मुली तिथंच शिकून नोकरीला लागल्या. रविवारी त्याच खोलीत पाच-सात माणसांची प्रार्थना व्हायची, तीही दार उघडं ठेवून. नाताळात करंज्यांची ताटं घरोघर जायची. अप्पा दुसऱ्यांदा मागून घ्यायचे.

मग एका सकाळी गावाबाहेरच्या झोपड्या नगरपालिकेनं पाडल्या. सरांनी पेपरात पत्र लिहून विचारलं, नोटीस कुठं आहे? एवढंच. उत्तर कुणी दिलं नाही. सर लोकांना बाटवतात, ही बातमी मात्र गावभर झाली. पुढच्या रविवारी प्रार्थना चालू असतानाच पोलिसांची जीप आली.

साहेबांनी गल्लीला विचारलं, इथं काय चालतं? मी पुढं होऊन म्हणालो, “मी रोज इथं चहा पितो. मला कुणी येशूचं नावही घ्यायला लावलं नाही.” आम्ही बौद्ध. साहेबांनी माझं आडनाव विचारलं आणि हसले. “तुम्ही कधी बाटलात?”

अप्पांच्या एका शब्दानं काम झालं असतं. त्यांना गल्लीत मान होता. ते स्वतःच्या चपलांकडं बघत म्हणाले, “आमाला काय ठाव न्हाय, सायेब. आमचं दार बंद असतंय.”

सर चिडले नाहीत, याचा मला अजून राग येतो. जीपमध्ये चढताना त्यांनी फक्त विचारलं, “अप्पा, कधीपासून?”

संध्याकाळी त्यांना सोडलं. पुढच्या रविवारी दार उघडंच होतं; प्रार्थनेला सर आणि वहिनी, दोघंच. मग घरमालक घाबरला, त्यानं जागा मागितली. सर मुलीकडं सोलापूरला निघून गेले. त्या दाराला मी पहिल्यांदाच कुलूप पाहिलं.

नाताळच्या दिवशी अप्पांनी मला ओट्यावरून हाक मारली. “औंदा करंज्या न्हाईत व्हय?”

मी समोरच्या कुलपाकडं बोट केलं.

अप्पा हळहळले. “लई चांगल्या असायच्या.”