कोणी मेलंच नाही

नव्वदीतल्या दंगलीत सुरतेतल्या आमच्या गल्लीत मुसलमानांच्या खोल्या माणसांसकट जाळल्या. खटला उभा राहिला, तेव्हा गल्लीतल्या आम्हा खानदेशी लोकांनी कोर्टात एकच पाठ म्हटला: ते आधीच गावी गेले होते, कोणी मेलंच नाही. माझ्या सख्ख्या काकांनी तर वर तोंड करून विचारलं, "मग प्रेतं कुठंयत, साहेब?"

त्यातलीच एक खोली याच काकांनी बळकावली होती. भुतं त्रास देतील म्हणून दर अमावस्येला ते तिच्या उंबऱ्यावर दहीभाताची पानं ठेवायचे, तिथे जळालेल्या प्रत्येकाचं वेगळं. साक्ष दिली त्या दिवशीही अमावस्याच होती. शपथेवर खोटं बोलून आलेला हा माणूस पानं मांडता मांडता काकूवर खेकसला, "अगं, त्यांच्या तान्ह्या पोरीचं दूध राहिलं ना!"



काकूने दुधाची वाटी आणली.