बसवून ठेवलेली आत्या

माझी आत्या पिशोरला, आमच्या गावी, डोक्यावरून चाऱ्याचे भारे वाहायची. नवरा गेल्यावर मुलानं तिला संभाजीनगरच्या फ्लॅटवर आणलं. ती भाजी आणायला खाली उतरली की तो खेकसायचा, "लोकं मला हसतील. गप बस." ती काही वर्षं नुसती बसून राहिली.

एका सकाळी खुर्चीतून उठताना तिचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, "चालताना हाडावर भार येतो, आतल्या अस्थिमज्जेवर दाब पडतो, तिथं हाड बांधणाऱ्या पेशी वाढतात, म्हणून हाड मजबूत राहतं. यांना बसवून का ठेवलं?"

मुलानं ऑपरेशनला नकार दिला. आत्या मला म्हणाली, "मला गावाकडं ने. लई बसले."

तो हसला. "आता तर बसता पण येणार नाय."

ती महिनाभर फ्लॅटवरच पडून होती. मग तिथंच वारली.