गाडी मधे थांबणार नाही

डेपोत सगळे त्या ड्रायव्हरला 'घड्याळ' म्हणायचे. त्याची गाडी स्टँडात शिरली की चहावाला मनगटाकडे न बघता वेळ सांगायचा. ठरलेला थांबा सोडून गाडी मधे उभी करायची म्हणजे याच्या अगदी जिवावर यायचं. मागून एखादी बाई दबक्या आवाजात म्हणाली, "भाऊ, जरा थांबवता का?" की हा आरशातही न बघता म्हणायचा, "निघायच्या आधीच उरकून घ्यायचं असतं हो!" चार लोक हसायचे. ती बाई पुन्हा तोंड उघडायची नाही.

आई गेल्यावर त्याला वाढवलं ते मोठ्या बहिणीनं. लोकांचे कपडे शिवून तिनं त्याला शिकवलं, लायसन्सही तिच्याच हट्टानं निघालं. ऐन उन्हाळ्यात ती लेकीचं बाळंतपण करायला निघाली, तेव्हा तिनं मुद्दाम भावाचीच गाडी धरली. "ही माझी ताई बरं का," त्यानं कंडक्टरला दोनदा सांगितलं.

दुपारी गाडीचा पत्रा असा तापला की हात लाववेना. खिडकीतून नुसत्या झळा येत होत्या. कंडक्टरनं बाटली पुढे केली. ताईनं जेमतेम ओठ ओले केले.

"अगं, पी ना नीट," हा पुढून ओरडला.

"नको रे, तहानच नाही."

पुढे ती डोकं दुखतंय म्हणाली आणि मग गप्पच झाली. याला वाटलं, डोळा लागला असेल. थोड्या वेळानं कंडक्टरच धावत आला. "ताईंचं अंग भाजतंय, काहीबाही बरळतायत. समोर पेट्रोल पंप आहे, सावली आहे, पाणी आहे. घ्या गाडी बाजूला!"

"स्टँड आलंच की आता. तिथे दवाखाना आहे," असं म्हणून त्यानं पंप मागे टाकला.

स्टँडवर ताईला उचलून उतरवावं लागलं. सलाईनवर सलाईन चढली. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कधी प्यायला होतात?"

"घरून निघाल्यापासून नाहीच," ती म्हणाली. मग भावाचा उतरलेला चेहरा बघून त्यालाच समजवायला लागली, "तुझी गाडी मधे थांबत नाही, ठाऊक होतं ना मला. चार लोकांत तुझी पंचाईत कशाला करायची?"

याला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

ताई वाचली, पण किडन्या कायमच्या दुखावल्या. शिवणयंत्र विकलं. आता हा पंपावर गाडी हमखास थांबवतो, "सगळे उतरा, पाणी प्या, आमची घाई नाही," म्हणतो. गाडी उशिरा पोचते, डेपोत टिंगल होते. त्याचं त्याला काही वाटत नाही. पण उतरताना एखादी म्हातारी "तुझ्यासारखा ड्रायव्हर सगळ्यांना मिळो रे बाबा," असं म्हणते, तेव्हा त्याला तिच्याकडे मान वर करून बघवत नाही.

भाची अधूनमधून बाळाला घेऊन माहेरी येते. ताई हौसेनं नातवाला मांडीवर घेते, पण लगेच धाप लागते. मग ती हाक मारते, "घे रे याला, मला नाही पेलवत." तो बाळाला घेतो आणि ओट्यावर जाऊन बसतो.