वालुयोची चिठ्ठी

सार्जिमानने चाळीस वर्षं विहिरी खणल्या. पाणी किती हातांवर लागेल हे तो माती चोळून सांगे, आणि तेवढं खणूनच वर येई. अर्धवट सोडलेली एकही विहीर त्याच्या नावावर नव्हती. पण मुलाची दोन्ही मूत्रपिंडं गेली, तेव्हा कुठे खणायचं हेच त्याला कळेना.

स्वतःचं एक मूत्रपिंड द्यायला तो पहिल्या दिवसापासून तयार होता. ते बसवणारा डॉक्टर सापडत नव्हता. डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर बसून आठ महिने त्याने दिसेल त्याला विचारलं. शेवटी एका नर्सने सांगितलं, असा एक डॉक्टर महिन्याच्या पहिल्या बुधवारी जावातल्या सेमारांग शहरातल्या इस्पितळात येतो.

बापलेक तीन बस बदलून पोचले. खिडकीतल्या बाईने गावच्या दवाखान्याची चिठ्ठी आणि विम्याचं कार्ड शेजारी शेजारी ठेवलं.

"काका, कार्डावर विरातमाजा. चिठ्ठीवर वालुयो. पेशंट कोण?"

"हाच. दोन्ही हाच."

मुलगा आजारी पडला तेव्हा गावातले म्हातारे म्हणाले होते, राजाचं नाव ठेवलंस, पोराला पेलत नाही. मग लाल-पांढरी खीर वाटून नाव बदललं. वालुयो, म्हणजे बरा झालेला. जुनं नाव घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही. चिठ्ठीवरही सार्जिमानने हट्टाने नवंच लिहवून घेतलं. अर्धवट काम त्याला चालत नसे.

बाई वाईट नव्हती. तिने आत विचारून पाहिलं. "दर महिन्याला एक तरी असा येतो, काका. माझ्या आजीनेही माझं बदललं होतं. पण कागदावर ही दोन माणसं आहेत. जुन्या नावाची चिठ्ठी आणा, पुढच्या महिन्यात."

काचेपलीकडून डॉक्टर गेला. ठेंगणा माणूस, हातात चहा. मध्ये चार हातांचं अंतर होतं.

परतताना मुलगा म्हणाला, "लिहा जुनं, बाबा. तुमच्या विहिरीतली माती उपसून मेलो नाही, नावाने काय मरतो." त्याचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि नाव पुन्हा बदलायचं तर खीर पुन्हा वाटायला हवी म्हणून तांदूळ भिजत घातले. सकाळी सार्जिमान नवी चिठ्ठी आणायला दवाखान्यात निघाला, तेव्हा खिरीसाठी शेजारी अंगणात येऊन बसले होते.

"दुआ मागताना नाव कोणतं घ्यायचं?" तिने चुलीपासून विचारलं.

सार्जिमान एक चप्पल घालून उंबऱ्यात थांबला. सगळे त्याच्याकडे बघत होते. दुसरी चप्पल त्याच्या हातातच राहिली.