दानूच्या नवसाचा मलिदा

भिजलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, गूळ, वेलची… पितळी परातीत आई मलिदा कालवत होती, आणि ज्याच्यासाठी नवस बोलला होता तो माझा धाकटा भाऊ दानू महिन्यापूर्वीच गेला होता.

जळगावात तेव्हा आमचं एकच बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घर. बाबा रेल्वेत होते. प्रार्थनेला सिनेगॉग नाही, आणि मृतासाठीचं कादीश म्हणायला लागणारे दहा ज्यू पुरुष आणायचे कुठून? बाबांनी ते म्हटलंच नाही; भिंतीकडे तोंड करून नुसते उभे राहिले. दानूचा ताप डोक्यात गेला तेव्हा आईने एलियाहू पैगंबराच्या नावाने पदर पसरला होता — पोर उठू दे, मलिदा करीन. पोर उठलं नाही. त्यानंतर आई रडली नाही की धड जेवली नाही. भाजलेल्या वांग्यांचा खमंग वास घरभर पसरला तरी ती दगडासारखी बसून राही. मला वाटे, आता आईही जाणार… त्या भीतीने मी शाळेतून धावतच घरी येई.

आणि एके दिवशी तिनेच पोहे भिजत घातले.

"कशाचा मलिदा आता?" बाबा ओरडले.

"बोललेय मी. त्या एलियाहूनं दगा दिला, मी देणार नाही."

बाबा नाइलाजाने हिब्रू स्तोत्र म्हणू लागले आणि मध्येच थांबून भिंतीकडे वळले. मग आईने ते उचललं — कधी मोठ्याने न गाणारी आई, ताल सोडून, देवाशी भांडल्यासारखी, आणि शेवटी नुसते हुंदके. शेजारच्या अक्का धावत आल्या, तिला कवेत घेऊन, सगळे इथेच आहोत असं आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "रडी ले माय, रडी ले. आम्ही बठ्ठा आठेच शेतस." त्या दुपारी आई पोटभर जेवली. दुःख गेलं नव्हतं. पण माझी आई मला परत मिळाली होती.

आता आई-बाबा दोघंही नाहीत. मी धुळ्यात, इस्पितळाच्या बाकावर — फिनेलचा वास, बाहेर वैशाखाचं रखरखीत ऊन… आत माझे यजमान नऊ दिवस बेशुद्ध आहेत आणि डॉक्टर माझी नजर टाळतात. आईइतकी श्रद्धा माझ्यात नाही. नवस बोलायची तर हिंमतच झाली नाही. तरी आज सकाळी यांच्या उशाशी उभी राहून तेच स्तोत्र म्हटलं, अडखळत, निम्मे शब्द चुकवत. नर्स दारात थांबली, मग हलकेच दार ओढून निघून गेली. म्हणून झाल्यावर छाती जराशी मोकळी झाली. बऱ्याच दिवसांनी मी कपभर चहा प्यायले.

यांनी अजून डोळे उघडलेले नाहीत.