विकण्याचं कारण

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहायला बसलोय ते जुन्या गाड्यांबद्दल, कारण दुसरं मला काही येत नाही. पालमच्या रस्त्यावर मी आयुष्यभर जीप चालवली. गुडघे गेले तेव्हा जीप सोडली, आणि मग लोक मला जुनी गाडी बघायला सोबत नेऊ लागले. जो नेईल त्याला सांगायचो, बघायची तर सकाळी बघायची. पोचल्याबरोबर बोनटवर हात ठेवायचा. गरम लागला तर समजायचं, आपण यायच्या आधी मालकानं गाडी चालू करून ठेवली होती. इंजिनाची खोकल्याची सवय थंड असतानाच कळते. एकदा तापलं की सगळी इंजिनं सारखीच गुणी वाटतात.

लोकांना वाटायचं, गाडी मी पारखतो. अर्धं काम माझी बायको करायची. ती सोबत यायची, पण गाडीकडं बघायचीसुद्धा नाही. आम्ही माणसं दारात वाकून बसलेलो असताना ती सरळ आत जायची, घरच्या बाईपाशी. "तुमी इंजिनाला इचारा, मी बाईला इचारते," म्हणायची. चहा होईपर्यंत तिला कळलेलं असायचं की हे लोक गाडी का विकायलेत.

एकदा चुडाव्याकडं एक गाडी बघायला गेलो होतो. मालक शपथा घेत होता की गाडी लग्नाकार्याशिवाय बाहेर निघालीच नाही. इंजिन खरंच चांगलं होतं. मी होकार देणार, तेवढ्यात ही पदराला हात पुसत बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो, मागचं सीट काढून बघा. यात युरिया वाहिलाय."

मालक म्हणाला, "कोण म्हणलं?"

"तुमचीच बायको म्हणाली. बिचारीला गाडीत बसलं की खोकला येतो म्हणं."

सीट काढलं. खालचा पत्रा गंजून सडला होता. युरियाचं पाणी सुटलं की पत्रा असाच जातो. मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. परतताना बसमध्ये ती एकटीच हसत होती.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो. गाडी कशी आहे ते नंतर बघा. आधी का विकायलेत ते शोधा. मालक जे कारण सांगतो ते बहुतेक वेळा खोटं असतं.

दोन वर्षांमागं ती गेली. ताप आला, तो उतरलाच नाही. त्यानंतर मी गाड्या बघायला जाणं बंद केलं. कुणी बोलवायला आलं तर डोळ्याला दिसत नाही म्हणून सांगायचो. डोळे चांगले आहेत माझे.

वर्ष व्हायला आलं तेव्हा भाचा आला. त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला परभणीला न्यावं लागतं. जाताना ठीक असते, परतताना अंगात जीव राहत नाही. यष्टीत जागा मिळाली तर बरं, नाही तर दांड्याला धरून उभी. एकदा स्टँडवरच चक्कर येऊन पडली होती. भाच्याला पिंगळीतली एक गाडी कळली होती, पांढरी, आणि भाव ऐकून तो उड्या मारत होता.

मी नाही म्हणालो. मग अक्का स्वतः आली, हळूहळू चालत, आणि माझ्या बाजेवर बसली.

"तुझी बायको गेली, मला ठाव हाय," ती म्हणाली. "मी अजून हाय. का माझं झाल्यावर तुमी मामा-भाचे मिळून गाडी घेणार हाव?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पिंगळीला गेलो.

मालक पन्नाशीचा, शेतीही होती आणि रस्त्याला खताबियाण्याचं दुकान. बोनट थंड होतं. चालू केली, एका दमात लागली. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितले. पुरात बुडालेल्या गाडीला आतल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते, इथं काही नव्हतं. पायाखालची चटई उचलली. टायर सारखे झिजलेले. चेसीचा नंबर गाडीच्या आरसी पुस्तकाशी जुळवला. बँकेचं कर्ज फिटल्याचा कागद होता, विमा चालू होता. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती, आणि भाव तसल्या गाडीच्या अर्ध्याहून थोडा वर.

भाचा कानाशी आला. "मामा, आता काय बघायलाव? इसार देऊन टाकू."

मी मालकाला विचारलं, "का विकायलाव?"

"मोठी घ्यायचीय," तो म्हणाला. माझ्याकडं न बघता.

आतून कुणी बाहेर आलं नव्हतं. पाणी विचारायला नाही, दारातून डोकवायला नाही. मी पाणी मागितलं. तो आणायला निघाला, तर मी म्हणालो, बसा, मीच घेतो. त्याच्या पुढं होऊन आत गेलो. मला वाटलं होतं, आत बाई असेल. तिच्याशी काय बोलायचं ते मला येत नव्हतं, तरी विचारणार होतो.

आत कुणी नव्हतं. गॅसवर उतू गेलेलं दूध वाळून पिवळं झालं होतं. साखर डब्यात भरलेली नव्हती, पुडीच एका कोपऱ्यात कातरून ठेवलेली. ओट्यावर पाव. मसाल्याच्या डब्यात तिखटाची वाटी खरवडलेली आणि मोहरी, जिरं, हळद तशीच काठोकाठ. ज्याला फोडणी येत नाही त्याच्या घरचा डबा असाच दिसतो. माझ्या घरी रोज बघतो मी.

मालक मागून येऊन दारात उभा राहिला. "काका, पाणी माठात हाय."

"कधी गेल्या?" मी विचारलं.

तुम्हाला कसं कळलं, असं त्यानं विचारलं नाही. "चौथा महिना लागला."

मग तो बोलला. बायकोला नांदेडला दवाखान्यात न्यायचा, याच गाडीतून, मागच्या सीटवर झोपवून. रस्ताभर आरशात तिच्याकडं बघत चालवायचा. आता आरशात बघितलं की मागं रिकामं सीट दिसतं. दोन महिने झाले, त्यानं गाडीला हात लावला नव्हता. शेजारचा कुणी येऊन चालू करून जायचा.

"घेऊन जावा," तो म्हणाला. "दारात दिसायला नको मला. भाव आणखी कमी करायचा तर करा."

बाहेर भाचा इसाराचे पैसे खिशात घेऊन उभा होता. घरी अक्का. गाडी नेली असती तर ती चोरी नव्हती, माणूस स्वतः द्यायला तयार होता. मी कुणाच्या बाजूनं आलोय तेही मला ठाऊक होतं. माझी बायको असती तर बाहेर येऊन काय म्हणाली असती, हे मला अजून कळलेलं नाही. मी मला सुचलं ते केलं.

"आज विकू नका," मी म्हणालो. "आज तुमी भाव सांगायलात, तो गाडीचा न्हाई."

तो चिडला. "तुमाला काय ठाव?"

"माझी गेली त्याला वरीस होईल. तिच्या साड्या दिसायला नको म्हणून सुनेला म्हणलं, सगळ्या घेऊन जा. तिनं नेल्या. आता रिकामं कपाट दिसतं."

तो खाली बसला, तिथंच फरशीवर. मी माठातलं पाणी काढून त्याला दिलं.

भाच्याला आत बोलावून सांगितलं तेव्हा त्याचा आवाज चढला. "मामा, तुमी कुणाकडून आलाव? माझ्याकडून का ह्यांच्याकडून?"

"अक्काकडून," मी म्हणालो. "गाडी अक्काला लागती. विकतच लागती असं तिनं कुठं म्हणलंय?"

मग तिघं बसून ठरवलं. गाडी महिन्याच्या हिशोबानं वापरायला न्यायची. त्यांच्या बाईंचं वर्षश्राद्ध होईपर्यंत विकायचं नाव काढायचं नाही. स्टँपवर लिहून घेतलं की चालवणार भाचा, जबाबदारी भाच्याची, गाडीत घरच्याशिवाय कुणी बसवायचं नाही. विमावाल्याला फोन करून आधी विचारलं. चारही बाजूंचे फोटो काढले, जुने ओरखडे मोजून दोघांनी सह्या केल्या. असं कुणाकडून गाडी वापरायला घेतली तर हे सगळं करा, सख्खा भाऊ असला तरी. भाचा परतीच्या रस्त्यात माझ्यावर धुसफुसत होता. त्याला वाटत होतं, हातातली गाडी मी घालवली.

अक्का मात्र त्या आठवड्यापासून मागच्या सीटवर आडवी होऊन घरी येऊ लागली.

वर्षश्राद्ध झालं आणि एका सकाळी पिंगळीचा मालक पालमला आला, यष्टीनं. त्यानं गाडी फिरून बघितली, मागचं दार उघडलं. आत अक्काची उशी होती, पाण्याची बाटली, उलटीसाठी ठेवलेल्या पिशव्या. त्यानं वाकून उशी सरळ केली. मग अक्काला म्हणाला, "खड्ड्यात लय हिसके बसतात का?"

"तुझ्या गाडीचं काय न्हाई रं," अक्का म्हणाली. "ह्या माझ्या पोराला हळू चालवायला शिकव. वाटंत मेले तर म्हणल, डॉक्टरनं मारलं."

तो हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं.

भाव त्यानं नवा सांगितला, पूर्वीपेक्षा बराच वर. भाच्यानं खाली ओढला, त्यानं परत वर नेला, दोघं दुपारपर्यंत भांडत बसले. मला बरं वाटलं. घासाघीस करायलाय म्हणजे माणूस आता जागेवर आलाय. शेवटी बाजारात चालतो त्याच्या जवळपास सौदा ठरला, आणि बाकीचं भाच्यानं हप्त्यानं द्यायचं ठरलं.

पुस्तकावर नाव बदलेपर्यंत मी सगळा पैसा देऊ दिला नाही. आपल्याकडं लोक ओळखीवर गाडी देतात आणि नाव वर्षानुवर्षं जुन्याचंच राहतं. मग कुठं धडक झाली की पोलीस जुन्या मालकाच्या दारात. हे विकणाऱ्यासाठीही तेवढंच सांगतोय.

नाव झालं त्या दिवशी त्यानं कागद दिले, जॅक दिला, एक चावी दिली. गाडी घेताना दोन्ही चाव्या घ्याव्यात. दुसरी चावी मालकाकडं राहिली तर गाडी पूर्ण आपली झाली असं समजू नये. मी हे शेकडो लोकांना सांगितलंय. भाच्यानं हात पुढं केला.

"दुसरी राहू दे का माझ्याकडं?" जुना मालक माझ्याकडं बघून म्हणाला.

भाचाही माझ्याकडंच बघत होता.

मी म्हणालो, राहू दे त्यांच्याकडं.

भाचा अजून त्यावरून मला बोलतो. बोलू दे. तुम्ही मात्र दोन्ही घ्या.