हात भिंतीवरून सोडू नकोस

गुरुग्रामच्या ऑफिसात मीटिंग चालू होती आणि भाचीचा, इराचा फोन आला. "मामा, बाबा उठत नाहीये..." मला वाक्याचा अर्थच लागेना. सुधीर भावोजी तर सुट्टीवर, मयूर विहारच्या घरी होते. म्हणजे सुखरूप होते. आम्ही घाबरायचो ते समुद्रात असताना. घरच्या पलंगावर, दुपारच्या झोपेत ते जातील, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ते टेक्निशियन होते. गॅस गळला तर इशारा देणारी उपकरणं नीट चालतात ना, हे बघणं त्यांचं काम. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी. ते तिकडे असले की माझी बहीण मेधा टीव्हीवर बातम्या लावू द्यायची नाही. एकदा खरोखरच गॅस गळला. सगळे लाइफबोटीत बसले, पण बोट खाली सोडताना एका बाजूचा दोर अडकला आणि माणसांनी भरलेली बोट तिरकी होऊन लाटांवर लटकत राहिली... "शेजारचा वेल्डर, एवढा दांडगा माणूस, आईला हाका मारत होता," भावोजी मला म्हणाले, तेही कित्येक वर्षांनी. "माझा तर आवाजच फुटत नव्हता." त्यानंतर घरी आले ते लिफ्टमध्ये पाऊल टाकेनात. चार मजले जिन्याने चढायचे. मेधा म्हणाली, "सोड ना रे ती नोकरी." "आणि करू काय? मला हेच येतं," म्हणाले आणि बॅग भरायला लागले.

इराचा डिप्लोमा झाला आणि तिची निवडही अशाच कामासाठी झाली. "यार बाबा, तू करतोस, मग मी का नको?" भावोजी ताट सरकवून उठले. "मी करतो म्हणूनच नको!" त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग बरेच दिवस अबोला. एका रविवारी मी गेलो, तर इराच्या डोळ्यांवर ओढणी बांधलेली, वाटेत मुद्दाम खुर्च्या आडव्या टाकलेल्या आणि ती आतल्या खोलीतून चाचपडत दाराकडे निघालेली. "धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो. हात भिंतीवरून सोडू नकोस!" भावोजी सांगत होते. ती हसत होती. अडखळली, हात सुटला, आणि गर्रकन फिरून ती पुन्हा आतल्या खोलीकडेच चालू लागली. भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला. धावत जाऊन त्यांनी तिला धरलं. "परत कर," एवढंच म्हणाले. इराचंही हसू थांबलं. मग प्रत्येक सुट्टीत हेच चालायचं.

भावोजी गेल्यावर काही महिन्यांनी, परवा इरा रुजू झाली. मेधाने तिला अडवलं नाही. संध्याकाळी मी सोबतीला गेलो, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "दिवाळीआधी घराला रंग देऊ या का?" पॅसेजच्या भिंतीवर, आतल्या खोलीपासून दारापर्यंत, इराच्या बोटांचा काळपट पट्टा उमटलाय. त्याच्या जरा वर आणखी एक पट्टा आहे, रुंद. मी बघत राहिलो.

"तो त्याचा," मेधा म्हणाली. "ती बाहेर गेली की स्वतः डोळे बांधून चालायचा. आपण बरोबर शिकवतोय ना, बघायला..."

मग म्हणाली, "रंग नको."